सर जोसेफ व्हिटवर्थ : लष्कराने नाकारलेल्या रायफलीचे निर्माते

लंडनलगतच्या विम्बल्डनच्या माळरानावर 2 जुलै 1860 रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धेला प्रारंभ झाला. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते झाडण्यात आली. रायफल एका लोखंडी बैठकीवर पक्की बसवलेली होती आणि राणींना चापाला जोडलेली रेशमी दोरी तेवढी ओढायची होती. 400 यार्ड, म्हणजे सुमारे 366 मीटर अंतरावरील लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून ती गोळी अवघ्या सव्वा इंचावर लागली. ज्यांनी ही रायफल आणि ती बैठक तयार केली होती, ते जोसेफ व्हिटवर्थ व्यवसायाने बंदुका बनवणारे नव्हते, की कधी सैन्यात नोकरीसही नव्हते. ते मँचेस्टरमधील यंत्रनिर्माते होते. नट-बोल्टच्या आट्यांना प्रमाणबद्ध करणारे अभियंता म्हणून जगातील प्रत्येक कार्यशाळेला त्यांचे नाव परिचित झाले. मात्र एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलींनी हजार यार्डांवरील लक्ष्य टिपण्याचा जो क्रीडाप्रकार एकोणिसाव्या शतकात उदयास आला, त्याचा शास्त्रीय पायाही बऱ्याच अंशी त्यांनीच घातला, हे तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे.

गिरणीतून पळालेला मुलगा

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म 21 डिसेंबर 1803 रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स हे शाळामास्तर होते आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. आईचे छत्र जोसेफ यांच्या बालपणीच हरपले. चौदाव्या वर्षी त्यांना डर्बीशायरमधील एका नातलगाच्या कापूस गिरणीत कामाला लावण्यात आले. पुढे गिरणीचा कारभार त्यांच्या हाती यावा, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. परंतु सुतापेक्षा सूत कातणाऱ्या यंत्रांकडेच या मुलाचे लक्ष अधिक असे. ही यंत्रे ओबडधोबड आहेत, त्यांचे भाग एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्यामुळे बरीच शक्ती वाया जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. काही वर्षांनी ते गिरणी सोडून मँचेस्टरला निघून गेले आणि एका कारखान्यात साधे कारागीर म्हणून रुजू झाले.

1825 मध्ये फॅनी अँकर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते लंडनला गेले. तेथे हेन्री मॉडस्ले यांच्या प्रसिद्ध कार्यशाळेत त्यांना काम मिळाले. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यांनी काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग त्या काळात क्लेमंट यांच्याच कार्यशाळेत घडवले जात होते. अचूकतेची परिसीमा गाठणारे काम कसे असते, याचा वस्तुपाठ व्हिटवर्थ यांना येथे मिळाला. 1833 मध्ये ते मँचेस्टरला परतले आणि त्यांनी स्वतःची कार्यशाळा सुरू केली.

अचूक मापाचा ध्यास

त्या काळी एका कारखान्यात तयार झालेला बोल्ट दुसऱ्या कारखान्यातील नटात बसेलच, याची शाश्वती नसे. प्रत्येक कारखानदाराचे आटे निराळे असत. व्हिटवर्थ यांनी देशभरातील कारखान्यांतून स्क्रूचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 1841 मध्ये अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकसमान आट्यांची पद्धत मांडली. या पद्धतीत आट्याचा कोन 55 अंशांचा ठरवण्यात आला आणि प्रत्येक व्यासासाठी इंचामागे किती आटे असावेत, हेही निश्चित करण्यात आले. हीच पद्धत पुढे ब्रिटनचे प्रमाण ठरली. ब्रिटिश यंत्रांबरोबर ती भारतातही पोहोचली आणि मेट्रिक पद्धती रूढ होईपर्यंत येथील रेल्वेच्या कारखान्यांत व यंत्रशाळांत व्हिटवर्थ आटे हा शब्दप्रयोग नित्याचा होता.

त्याआधी 1840 मध्ये पूर्णतः सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत त्यांनी विद्वानांसमोर ठेवली होती. तीन धातूच्या पाट्या आळीपाळीने एकमेकींवर ठेवून त्यांचे उंचवटे शोधायचे आणि ते अत्यंत बारकाईने खरवडत जायचे, अशी ती रीत होती. इंचाच्या दहा लक्षाव्या भागाइतका फरकही जाणवू शकेल, असे मापनयंत्र त्यांनी सिद्ध केले. 1851 मध्ये लंडनला भरलेल्या भव्य प्रदर्शनात त्यांच्या यंत्रांनी सर्वांचे लक्ष वेधून घेतले. वयाच्या पन्नाशीत व्हिटवर्थ यांची गणना युरोपातील अग्रगण्य यंत्रनिर्मात्यांमध्ये होऊ लागली होती. याच सुमारास एक सर्वस्वी वेगळे काम त्यांच्याकडे चालून आले.

पाचशे यार्डांचा बोगदा

1854 मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले होते. ब्रिटिश सैन्याला 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफली मोठ्या संख्येने हव्या होत्या. या रायफली यंत्रांवर तयार करता येतील काय, अशी विचारणा सरकारने व्हिटवर्थ यांच्याकडे केली. त्यांनी बंदुकांचे कारखाने पाहिले आणि निराळाच प्रश्न उपस्थित केला. नळीचा व्यास किती असावा, तिच्या आतील खाचांना पीळ किती असावा, गोळी किती लांब असावी, यांपैकी एकाही बाबीला प्रयोगाचा आधार नव्हता. सर्व मापे परंपरेने चालत आलेली होती. सदोष वस्तू यंत्रावर हजारोंच्या संख्येने बनवण्याआधी निर्दोष वस्तू कोणती हे ठरवायला हवे, अशी भूमिका त्यांनी घेतली. लष्करप्रमुख लॉर्ड हार्डिंग यांनी ती मान्य केली.

मँचेस्टरजवळील व्हिटवर्थ यांच्या निवासस्थानाच्या आवारात सरकारी खर्चाने 500 यार्ड लांबीचा बंदिस्त सज्जा उभारण्यात आला. वाऱ्याचा अडथळा न होता गोळीचा मार्ग तपासता यावा, हा त्यामागील उद्देश होता. वादळात ही वास्तू कोसळली. ती पुन्हा बांधण्यात आली आणि मार्च 1855 मध्ये प्रयोग सुरू झाले. ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. गोळी त्यांना भेदून जाई आणि त्या छिद्रांवरून ती किती खाली आली, कोणत्या बाजूला कलली आणि सरळ गेली की कोलांट्या खात गेली, याचा बोध होई.

व्हिटवर्थ यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम नोंदवला. 60 इंचांत एक फेरा घेणाऱ्या पिळापासून थेट एका इंचात एक फेरा घेणाऱ्या पिळापर्यंतच्या नळ्या त्यांनी तपासल्या. या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष आज सोपा वाटतो. दूरवर जाणाऱ्या गोळीला हवेचा विरोध कमी व्हावा, यासाठी ती जाडीला कमी आणि लांबीला अधिक असावी लागते. परंतु लांब गोळी हवेत लवकर डगमगते. तिला स्थिर ठेवायचे असेल, तर भोवऱ्याप्रमाणे वेगाने फिरवावे लागते आणि त्यासाठी नळीला तीव्र पीळ हवा.

एन्फिल्डच्या नळीचा व्यास 0.577 इंच होता आणि तिच्या खाचा 78 इंचांत एक फेरा पूर्ण करीत. व्हिटवर्थ यांनी व्यास 0.451 इंचांवर आणला आणि पीळ 20 इंचांत एक फेरा इतका वाढवला. गोळीचे वजन मात्र 530 ग्रेन, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम, असे जवळपास एन्फिल्डच्या गोळीइतकेच ठेवले. एवढ्या तीव्र पिळात साध्या खाचांवरून गोळी घसरण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी नळीचे आतील छिद्रच षट्कोनी केले. त्यात षट्कोनी गोळी आट्यात फिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे चपखल बसत असे. साध्या दंडगोल गोळ्याही चालत. दारूच्या स्फोटाने त्या फुगून षट्कोनी आकार घेत. बहुकोनी नळीची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. विख्यात अभियंता इझम्बार्ड ब्रुनेल यांनीही तशी एक नळी यापूर्वी बनवून घेतली होती. परंतु योग्य व्यास, योग्य पीळ आणि योग्य लांबीची गोळी यांचा मेळ प्रयोगांनी सिद्ध करण्याचे श्रेय व्हिटवर्थ यांच्याकडे जाते.

हाइथ येथील चाचणी आणि भारतातील काडतुसे

एप्रिल 1857 मध्ये हाइथ येथील लष्करी नेमबाजी विद्यालयात युद्धमंत्र्यांच्या उपस्थितीत दोन्ही रायफलींची तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. 500 यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे मध्यापासूनचे सरासरी विचलन 2.24 फूट भरले, तर व्हिटवर्थ रायफलीचे केवळ 0.37 फूट. 1,400 यार्डांवर, म्हणजे सुमारे 1,280 मीटरवर, एन्फिल्डला लक्ष्याचा वेध घेताच आला नाही. व्हिटवर्थ रायफलीच्या गोळ्या तेथेही सरासरी साडेचार फुटांच्या आसपास राहिल्या. अर्धा इंच जाडीच्या फळ्या एकामागे एक रचून भेदनशक्तीही तपासण्यात आली. एन्फिल्डची गोळी तेराव्या फळीपलीकडे गेली नाही; व्हिटवर्थची गोळी 33 फळ्या भेदून गेली.

याच दिवसांत भारतात एन्फिल्ड रायफलीचे नाव निराळ्याच कारणाने सर्वांच्या तोंडी होते. तिची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागत आणि ती चरबी गाय व डुकराची असल्याच्या वार्तेने शिपायांमध्ये तीव्र असंतोष पसरला होता. बराकपूर येथे 29 मार्च 1857 रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले आणि 8 एप्रिल रोजी त्यांना फाशी देण्यात आली. मे महिन्यात मेरठ येथे उठावाचा वणवा भडकला. इंग्लंडमध्ये रायफलीच्या अचूकतेचा हिशेब इंचाच्या शतांशापर्यंत मांडला जात असताना, ती ज्यांच्या हाती द्यायची त्या माणसांच्या श्रद्धांचा हिशेब मात्र राज्यकर्त्यांनी मांडला नव्हता.

नकार

हाइथच्या निकालानंतर व्हिटवर्थ रायफल सैन्यात स्वीकारली जाईल, अशी अनेकांची अटकळ होती. तसे घडले नाही. नळीचा व्यास लष्करी उपयोगासाठी फारच लहान आहे, असा आक्षेप घेण्यात आला. काळ्या दारूची राख लहान नळीत लवकर साचते आणि काही फैरींनंतर गोळी ठासणे कठीण होते, हा दुसरा आक्षेप होता. शिवाय षट्कोनी नळी आणि तिच्या गोळ्या यांना लागणारी अचूकता महागडी होती. एन्फिल्डच्या तुलनेत या रायफलीचा खर्च कितीतरी अधिक येई. पुढे काही हजार रायफली चाचणीसाठी निवडक पलटणींना देण्यात आल्या, परंतु तोवर नळीच्या मागील बाजूने भरण्याच्या बंदुकांचे युग सुरू होत होते आणि ठासणीची कोणतीही बंदूक कालबाह्य ठरणार हे स्पष्ट झाले होते.

लष्कराचे आक्षेप निराधार नव्हते. धावपळीत, पावसात, चिखलात दिवसभर चालणारे शस्त्र सैनिकाला हवे असते. व्हिटवर्थ यांनी तयार केले ते निवांतपणे, काळजीपूर्वक, एकेक गोळी झाडणाऱ्याचे साधन. अशा साधनाला अनुरूप असे क्षेत्र याच सुमारास आकारास येत होते.

विम्बल्डनचे मैदान

1859 मध्ये फ्रान्सच्या संभाव्य आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये स्वयंसेवक पथकांची चळवळ उभी राहिली. नागरिकांमध्ये नेमबाजीचा प्रसार व्हावा, यासाठी त्याच वर्षी राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. पुढील वर्षी विम्बल्डनला झालेल्या स्पर्धेत राणीचे पारितोषिक हा सर्वोच्च मान होता. विजेत्यास सुवर्णपदक आणि 250 पौंड मिळणार होते. प्राथमिक फेरी एन्फिल्ड रायफलीने, तर 800, 900 आणि 1,000 यार्डांची अंतिम फेरी व्हिटवर्थ रायफलीने घेण्यात आली. एडवर्ड रॉस हे पहिले विजेते ठरले. 1862 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात एल्को ढालीसाठी सांघिक सामने सुरू झाले. तेही याच लांब पल्ल्यांवर होत.

या स्पर्धांमध्ये घाईला स्थान नव्हते. नेमबाज दारू मोजून नळीत ओते, गोळी गजाने बेताच्या दाबाने खाली सरकवी, नंतर टोपी चढवी. दोन फैरींच्या मध्ये नळी पुसून स्वच्छ करण्याचा परिपाठ अनेकांनी ठेवला होता. गोळी वाटेत बरीच खाली येत असल्याने नेम धरण्याची पट्टी अंतरानुसार सूक्ष्म मापाने वर उचलावी लागे. हजार यार्डांचा पल्ला गाठण्यास गोळीला काही सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात मंद वारासुद्धा तिला कित्येक फूट बाजूला नेत असे. त्यामुळे निशाणांच्या फडफडीवरून वाऱ्याचा अंदाज बांधणे हे नेमबाजाचे मुख्य कौशल्य ठरले. रायफलीचा दोष आणि माणसाचा दोष वेगळे ओळखता येण्याइतके साधन अचूक असले, तरच अशा स्पर्धेला अर्थ प्राप्त होतो. हजार यार्डांवर ती अचूकता प्रथम मिळवून दिली ती व्हिटवर्थ रायफलीने.

अचूकतेची दुसरी बाजू

हीच अचूकता रणांगणावरही पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी थोड्या संख्येने व्हिटवर्थ रायफली मिळवल्या आणि त्या निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. तोफा चालवणारे सैनिक आणि अधिकारी हे त्यांचे लक्ष्य असे. 9 मे 1864 रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेकडील सैन्याचे सेनापती जॉन सेजविक हे दुरून आलेल्या गोळीने ठार झाले. एवढ्या अंतरावरून शत्रूचा नेम लागणे शक्य नाही, असे सांगून ते आपल्या सैनिकांना धीर देत असतानाच ही घटना घडली. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीची असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. स्वतः व्हिटवर्थ यांनीही पुढील काळात तोफांच्या निर्मितीत लक्ष घातले आणि विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या तोफांशी त्यांची दीर्घकाळ स्पर्धा चालली. तेथेही सरकारी पसंती प्रतिस्पर्ध्याकडेच झुकली.

मागे पडलेली नळी, टिकलेले तत्त्व

स्पर्धेच्या मैदानावरील व्हिटवर्थ रायफलीचे वर्चस्व फार काळ टिकले नाही. एडिंबराचे अलेक्झांडर हेन्री, डब्लिनचे रिग्बी आणि विल्यम मेटफर्ड यांनी याच व्यासाच्या नळ्यांमध्ये निराळ्या खाचांचे प्रयोग केले. यांपैकी मेटफर्ड यांचा भारताशी संबंध आला होता. 1857 मध्ये ते ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत बिहारमधील मुंगेर येथे होते आणि प्रकृती ढासळल्याने पुढील वर्षी मायदेशी परतले. खोल षट्कोनी नळीऐवजी अगदी उथळ खाचा आणि कठीण धातूची गोळी पुरेशी असते, हे त्यांनी दाखवून दिले. नळी स्वच्छ करणे त्यामुळे सुलभ झाले.

1874 मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात गाजलेला सामना झाला. आयरिश संघाकडे रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकी नेमबाजांकडे मागून भरण्याच्या, परंतु एकाच गोळीच्या रेमिंग्टन आणि शार्प्स रायफली. अमेरिकेने 934 विरुद्ध 931 अशा अवघ्या तीन गुणांनी विजय मिळवला. दोन्ही संघांपैकी कोणाकडेही व्हिटवर्थ रायफल नव्हती. मात्र दोन्ही बाजूंच्या रायफलींमध्ये लहान व्यास, लांब व जड गोळी आणि तीव्र पीळ हे व्हिटवर्थ यांनी सिद्ध केलेले तत्त्वच वापरलेले होते. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यासही 0.450 इंच होता. एकेकाळी लष्करासाठी फारच लहान ठरवलेले माप अशा रीतीने लष्करानेच स्वीकारले.

उत्तरायुष्य आणि वारसा

व्हिटवर्थ यांनी 1868 मध्ये तरुण यंत्रकारागिरांच्या शिक्षणासाठी प्रत्येकी 100 पौंडांच्या 30 वार्षिक शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. हाताने काम करणाऱ्याला विज्ञानाचे आणि पुस्तकी शिक्षण घेतलेल्याला हाताच्या कामाचे ज्ञान असावे, हा त्यामागील हेतू होता. 1869 मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. पत्नी फॅनी यांचे 1870 मध्ये निधन झाले. पुढील वर्षी त्यांनी मेरी लुईझा ऑरेल यांच्याशी विवाह केला आणि नंतर ते डर्बीशायरमधील डार्ली डेल येथे राहू लागले. 22 जानेवारी 1887 रोजी मोंटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये व्हिटवर्थ कलादालन, सार्वजनिक उद्यान आणि रुग्णालयासारखी कामे उभी राहिली. 1897 मध्ये त्यांची कंपनी आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीत विलीन झाली आणि दोन प्रतिस्पर्ध्यांची नावे एकत्र आली.

राष्ट्रीय रायफल संघटनेची स्पर्धा 1890 मध्ये विम्बल्डनहून सरे परगण्यातील बिस्ली येथे गेली. तेथे ती आजही होते. एकोणिसाव्या शतकातील ठासणीच्या रायफली बाळगणारे हौशी नेमबाज बिस्लीच्या मैदानावर आजही हजार यार्डांवर नेम धरतात. अशी जुनी रायफल केवळ पुराणवस्तू म्हणून घरी ठेवायची असेल, तर ब्रिटनच्या कायद्यात तिला सवलत आहे. ती झाडायची असेल, तर मात्र रीतसर परवाना घ्यावा लागतो. ऑलिंपिकमधील 50 मीटर रायफल प्रकारातही प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे भरण्याचाच नियम आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते याच 50 मीटर अंतरावर.

षट्कोनी नळीच्या मूळ रायफली आता संग्रहालयांत आणि मोजक्या संग्राहकांकडे उरल्या आहेत. व्हिटवर्थ यांची कार्यपद्धती मात्र नेमबाजीत रुजली आहे. रायफल, गोळी आणि दारू यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम मोजायचा आणि मोजमापाने दिलेला निर्णय स्वीकारायचा, हा त्यांचा क्रम लांब पल्ल्याचा प्रत्येक गंभीर नेमबाज आजही पाळतो.